हँडलवर बसवलेलं आकाश

नवा नेव्हिगेटर खोक्यातून बाहेर काढला की त्याला सगळ्यात आधी आकाश दाखवावं लागतं. भाषा निवडणं, आवाज लावणं, हेल्मेटमधल्या स्पीकरशी जोडणं हे सगळं नंतर. स्लॅबखाली त्याला काही सुचत नाही. गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात नेऊन ठेवला, की उपग्रहांचा शोध चालू असल्याची ओळ पडद्यावर येते आणि आपल्याला थांबावं लागतं. पुढे बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकणारं हे काम पहिल्या दिवशी अर्धा-एक मिनिट घेतं, कधी त्याहून जास्त.

बहुतेक जण तेवढ्यात चहा टाकायला आत जातात. माझं ऐका, जाऊ नका. मोटारसायकलच्या हँडलवर बसणाऱ्या या तळहाताएवढ्या पेटीच्या आयुष्यातला सगळ्यात थरारक प्रसंग त्याच मिनिटात घडतो.

जरा विचार करा. ही पेटी, समजा, तैवानमधल्या कारखान्यात तयार झाली. (मोटारसायकलसाठी नेव्हिगेटर बनवणाऱ्या गार्मिनचे मोठे कारखाने तिथेच आहेत.) एकदा चालू करून तपासली गेली आणि बंद झाली. मग विमान, गोदाम, कुरिअर. आज ती पुण्यात कोथरूडच्या एका गच्चीवर जागी होते आहे. आपण कुठल्या देशात आहोत, हे तिला ठाऊक नाही. डोक्यावर या घडीला कोणते उपग्रह आहेत, ठाऊक नाही. किती वाजले, तेही धड ठाऊक नाही. तिच्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे ती कुणाला विचारूही शकत नाही.

'पेटी उपग्रहाला विचारते, मी कुठे आहे, आणि उपग्रह सांगतो', असं पुष्कळांना वाटतं. तसं काहीही होत नाही. पेटीतून आकाशाकडे एक अक्षरही जात नाही. तुम्ही, मी, पेटी कुणीच त्या उपग्रहाच्या गावी नसतो. ती फक्त ऐकते. केवळ ऐकून स्वतःचा ठावठिकाणा काढायचा, तोही काही मीटरपर्यंत अचूक! हे जमतं तरी कसं?

आधी, ती ऐकते काय? जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरत असतात. वेग ताशी साधारण १४,००० किलोमीटर. प्रत्येक जण ११ तास ५८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि फिरता फिरता काही डझन वॅट ताकदीने रेडिओलहरी सोडत राहतो. एवढं अंतर कापून, अर्ध्या पृथ्वीवर पसरून त्या लहरी गच्चीवर पोचतात तेव्हा पेटीच्या अँटेनाच्या वाट्याला किती उरतं? एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या आसपास.

याहून मोठा गोंगाट तर पेटीच्या स्वतःच्या सर्किटमध्ये असतो. कुठल्याही तारेत, कुठल्याही धातूत उष्णतेने इलेक्ट्रॉन हलतात, त्यांची खरखर. उपग्रहाचा संदेश या खरखरीच्या कित्येक पट खाली गाडलेला असतो. शिवाय जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच वारंवारितेवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एकाच वेळी बोलतात. म्हणजे गोंगाटाच्या ढिगाखाली दहा-बारा कुजबुजी, सगळ्या एका सुरात. यातून एकेक वेगळी काढायची.

इथे गणित धावून येतं. प्रत्येक उपग्रहाला १०२३ खुणांची स्वतःची एक ठरलेली माळ दिलेली आहे. अधिक, उणे, उणे, अधिक, अशी. ही अख्खी माळ तो एक हजारांश सेकंदात म्हणून टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सेकंदाला हजार वेळा, वर्षानुवर्षं, न थांबता. या माळा रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने गुंफलेल्या आहेत. त्यांचा गुण असा, की कुठलीही एक माळ दुसरीशी जुळत नाही आणि स्वतःशीही एकाच ठिकाणी, पूर्ण सरळ ठेवली तरच जुळते. पेटीला सगळ्या माळा पाठ असतात. ती एक माळ मनात म्हणायला घेते, बाहेरून येणाऱ्या खरखरीशी खूण-खूण गुणते आणि बेरीज करत जाते. खरखर बेबंद असते, तिचे अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. उपग्रहाची माळ मात्र नेमकी जुळली, की प्रत्येक गुणाकार एकाच बाजूला पडतो. बेरीज वाढत जाते. गाडलेलं डोकं वर येतं!

पण जुळवायची कुठे? उपग्रह कोणता ते माहीत नाही, माळा ३२. माळ कुठून सुरू झाली ते माहीत नाही. अर्ध्या-अर्ध्या खुणेने सरकवत पाहिलं तर २०४६ जागा. उपग्रह आपल्याकडे येतो आहे की दूर चालला आहे, हेही माहीत नाही, आणि त्यामुळे त्याचा सूर किती चढला-उतरला ते कळत नाही. त्याचे वीसएक कप्पे. सगळ्यांचा गुणाकार करा. पावणेचौदा लाखांच्या घरात शक्यता होतात. तुम्ही गच्चीवर उभे राहून पडद्याकडे पाहत असता तेव्हा पेटी या लाखो शक्यता चाळत असते.

एक उपग्रह सापडला. मग दुसरा. पडद्यावर छोटे उभे खांब दिसायला लागतात. त्यांतला प्रत्येक खांब म्हणजे ढिगाखालून ओढून काढलेली एक कुजबुज.

आता अंतर काढायचं. वीज चमकली की लहानपणी आपण आकडे मोजायचो आणि गडगडाट ऐकू आला की वीज किती लांब पडली ते सांगायचो. इथेही तसंच आहे, फक्त आवाजाच्या जागी रेडिओलहर आहे आणि ती सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावते. थेट डोक्यावरच्या उपग्रहाकडून निघालेली लहर गच्चीवर यायला सेकंदाचे ६७ हजारांश भाग लागतात. क्षितिजालगतच्या उपग्रहाकडून आली तर ८६. या चिमटीएवढ्या वेळात लाखावा भाग इकडचा तिकडे झाला, तर काय होईल? सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर. तुम्ही कर्वे रस्त्यावर असाल तर पेटी तुम्हाला भलत्याच गल्लीत नेऊन उभी करील.

उपग्रहात अणुघड्याळं आहेत, सीझियमची आणि रुबिडियमची. त्यांचा प्रश्न नाही. पण पेटीत काय आहे? तुमच्या मनगटावर असतो तसल्याच जातीचा क्वार्ट्झचा एक तुकडा. ऊन लागलं की त्याची चाल बदलते, थंडी पडली की बदलते. या घड्याळावर कोट्यंश सेकंद मोजायचे?

यावरचा उपाय मला या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटतो. जागा ठरवायला तीन आकडे लागतात: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. तीन अज्ञातांना तीन उपग्रह पुरले असते. पेटी चौथा उपग्रह घेते आणि स्वतःच्या घड्याळाची चूक हीच चौथं अज्ञात मानते. चार समीकरणं, चार अज्ञातं. चारही अंतरं एकाच बिंदूत जुळावीत यासाठी माझं घड्याळ किती पुढे-मागे असायला हवं, असं ती विचारते आणि उत्तर मिळतं. जागा कळते त्याच क्षणी वेळही कळते. तुमच्या हँडलवरचा क्वार्ट्झचा तुकडा अणुघड्याळांच्या पंगतीला जाऊन बसतो, आणि अणुघड्याळाचा खर्च शून्य! नेव्हिगेटरचं घड्याळ कधी लावावं का लागत नाही, याचं हे उत्तर.

अजून दोन गोष्टी या हिशेबात बसवाव्या लागतात आणि दोन्ही ऐकून माणूस थक्क होतो. लहर वाटेत असते त्या सत्तरएक हजारांश सेकंदात पृथ्वी फिरते. पुण्याच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेला सरकते आहे. म्हणजे उपग्रहाने लहर सोडल्यापासून ती पोचेपर्यंत तुमची गच्ची, मोटारसायकल आणि तुम्ही तीसएक मीटर पूर्वेला गेलेले असता. गाडी स्टँडवर उभी असली तरी! पेटी हे तीस मीटर दर वेळी वळते करून घेते.

दुसरी गोष्ट आइन्स्टाइनची. वेगाने धावणारं घड्याळ सावकाश चालतं, आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून लांबचं घड्याळ भराभर चालतं. जीपीएस उपग्रहाला दोन्ही लागू. वेगामुळे त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात अकरा किलोमीटरांची चूक साचेल. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित हळू लावलेली असतात, वर गेल्यावर ती बरोबर चालावीत म्हणून.

जून १९७७ मध्ये सीझियमचं घड्याळ घेऊन एनटीएस-२ हा चाचणीचा उपग्रह वर गेला, तेव्हा या दुरुस्तीची खरंच गरज आहे का याबद्दल काही जाणकारांनाही शंका होती. त्यांनी दुरुस्तीची सोय उपग्रहात बसवली, पण बंद ठेवली. वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. ते पुढे गेलं, आणि किती? सिद्धान्ताने सांगितलं होतं एक लाख कोटी भागांत ४४६.५, प्रत्यक्षात आलं ४४२.५. मग सोय चालू केली. आज पावभाजीच्या गाडीपर्यंत पोचवणाऱ्या पडद्यावरच्या बाणात सापेक्षतावाद रोज राबतो आहे.

एवढं सगळं करूनही एक माहिती राहतेच: उपग्रह स्वतः कुठे आहे? ती तो स्वतःच सांगतो. आपल्या कक्षेचे आकडे तो त्या माळेवर चढवून पाठवतो, पण वेग पाहा, सेकंदाला केवळ ५० बिट. आजच्या मोबाइलच्या मानाने ही गोगलगाय आहे. या आकड्यांच्या एका फेरीला ३० सेकंद लागतात आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी थांबावं लागतं ते मुख्यतः यामुळे. मध्येच तुम्ही पेटी उचलून जिन्यात गेलात, एखादा तुकडा हुकला, की पुढच्या फेरीपर्यंत बसा. एकदा ऐकलेले आकडे चारेक तास चालतात, म्हणून जेवायला थांबून परत निघालात तर बाण लगेच हजर असतो.

कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येते, ही कल्पना सुचली कशी तेही सांगायलाच हवं. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याची 'बीप बीप' अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गियर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना सूर चढतो, दूर जाताना उतरतो. त्या चढउतारावरून त्यांनी स्पुटनिकची अख्खी कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी विचारलं, याच्या उलट करता येईल का? कक्षा ठाऊक आहे, ऐकणारा कुठे आहे ते काढायचं. पाणबुड्यांना स्वतःचा ठावठिकाणा कळायला हवा होता. त्यातून ट्रान्झिट ही पहिली प्रणाली आली आणि पुढे १९७८ मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह.

तो लष्करासाठी होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, आणि त्याच महिन्यात अमेरिकेने ही प्रणाली पुढे नागरिकांनाही खुली राहील असं जाहीर केलं. तरीही नागरी संदेशात शंभरएक मीटरची चूक मुद्दाम मिसळलेली असे. ती २ मे २०००ला काढली, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. जगभरच्या यंत्रांची अचूकता काही क्षणांत दहापट झाली, आणि कुणाला आपलं यंत्र उघडावंसुद्धा लागलं नाही. आता नव्या पेट्या रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू हे उपग्रहही ऐकतात. आपल्या भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह इस्रोने १ जुलै २०१३ रोजी सोडला, आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या नाविकच्याच एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे.

चला, पेटीला जागा सापडली. आता ती गाडीवर चढवायची.

वायरिंगचं काम मिस्तरी तासाभरात करतो: बॅटरीपासून फ्यूज लावून तार, चावी फिरवली की चालू, काढली की बंद. वाट दाखवायचं काम मोबाइलने का करू नये, असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. करू शकतो. पण मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर हँडलपर्यंत येते, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग अधांतरी पेललेलं असतं. त्या थरथरीने ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने स्वतः २०२१ मध्ये दिला होता. नेव्हिगेटर या थरथरीसाठी, पावसासाठी आणि एप्रिलच्या उन्हात वाचता येईल इतक्या उजेडासाठीच घडवलेला असतो. हातमोज्यांसाठीसुद्धा. काचेचा पडदा बोट ओळखतो ते बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारामुळे. मध्ये चामड्याचा थर आला की तो प्रभाव कितीतरी क्षीण होतो. नेव्हिगेटरच्या पडद्याची जाणच इतकी वाढवलेली असते, की चामड्याआडचं बोट त्याला कळतं.

यानंतर पेटी विचारते: वाहन कोणतं? मेनूतला हा पर्याय घाईत निवडून मोकळं होऊ नका. महाराष्ट्रात तर मुळीच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, समृद्धी महामार्ग, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. पेटीच्या नकाशात रस्ता म्हणजे एक सलग रेघ नसते. ते एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचे लाखो तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्याला त्याची कुंडली जोडलेली असते: लांबी, वेग, एकेरी की दुहेरी, टोल, कुणाला मज्जाव. तुम्ही 'मोटारसायकल' म्हणालात की द्रुतगती मार्गाचे सगळे तुकडे एका फटक्यात जगातून नाहीसे होतात आणि खंडाळ्याचा जुना घाट पुन्हा मुंबईचा राजरस्ता होतो. गुगलने नकाशातला दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये जगात सर्वप्रथम भारतात आणला, तो उगीच नाही. अर्थात नकाशा माणसांनी भरलेला असतो. रस्त्यावरचा फलक आणि पेटी यांचं पटलं नाही, तर फलकाचं ऐकायचं.

आणि मग येतो तो पर्याय, ज्याच्यासाठी मोटारसायकलवाले या पेटीवर जीव टाकतात. जवळचा रस्ता हवा, लवकरचा हवा, की वळणांचा?

वळणांचा! यंत्राला वळणाची मजा कळते कशी? ते तुकडे आठवा. प्रत्येक तुकडा पुन्हा अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनी बनलेला असतो. एका बिंदूपासून पुढच्याकडे जाताना दिशा किती अंशांनी वळली, ते मोजा. सगळ्या वळणांची बेरीज करा, लांबीने भागा. सरळसोट महामार्गाचं उत्तर शून्याच्या जवळ येतं. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी यांची उत्तरं उसळ्या मारतात. यात चढ-उतार मिळवले की रायडरला जे पोटात जाणवतं त्याचा एक आकडा तयार होतो.

पण आकडे मिळाल्यावर रस्ता निवडायचा कसा? पुण्याहून महाडला जायचे मार्ग किती? प्रत्येक चौकात दोन-तीन फाटे धरले, तर पन्नास चौकांत ही संख्या मोजण्यापलीकडे जाते. एकेक तपासत बसलं तर जगातला सर्वांत वेगवान संगणकही थकेल.

याचं उत्तर १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका कॅफेच्या ओट्यावर सापडलं. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमला होता. दोघं कॉफी प्यायला बसली. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि वीसएक मिनिटांत त्याने डोक्यातल्या डोक्यात रीत रचली. निघालेल्या जागेपासून सुरुवात करा. आजवर पोचलेल्या जागांपैकी सर्वांत कमी खर्चात गाठता येणारा चौक पक्का करा आणि त्याच्या शेजाऱ्यांचे खर्च लिहून ठेवा. मग उरलेल्यांतला सर्वांत स्वस्त पक्का करा. पुन्हा तेच. एकदा पक्का झालेला चौक परत उघडायचा नाही. एवढंच! मोजण्यापलीकडचे मार्ग होते, आणि आता प्रत्येक चौकाला एकदाच हात लावावा लागतो. नव्या एआरएमएसी संगणकाची करामत लोकांना दाखवायला त्याने नेदरलँड्समधल्या ६४ शहरांवर ही रीत चालवली. १९५९ मध्ये ती छापून आली, तीन पानांत.

यातली खुबी म्हणजे 'खर्च' कशाला म्हणायचं हे त्या रीतीने ठरवलेलंच नाही. तो शून्याखाली जाऊ नये एवढीच अट. किलोमीटर घाला, जवळचा रस्ता मिळेल. मिनिटं घाला, लवकरचा मिळेल. कंटाळा घाला, म्हणजे सरळ रस्ता महाग आणि वळणाचा स्वस्त ठेवा, की तीच रीत तुम्हाला भोरवरून वरंध घाटाकडे काढते. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या तिघांनी शेकी नावाच्या यंत्रमानवासाठी यात भर घातली: इच्छित स्थळाच्या दिशेचे चौक आधी पाहा. आज वळण चुकलात तर नवा मार्ग डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत तयार असतो, तो अशा युक्त्यांवर युक्त्या रचूनच.

आणखी एक पर्याय असतो: उत्तर दिशा वर ठेवायची, की तुम्ही जाता ती दिशा वर? दुसरा निवडलात तर बाण पडद्यात जागच्या जागी राहतो आणि खालचा मुलूख सरकत येतो. मोटारीत हे पहिल्यांदा १९८५ मध्ये एटॅक कंपनीच्या यंत्राने करून दाखवलं, आणि त्यात जीपीएस नव्हतंच. चाकांना लावलेले संवेदक, एक होकायंत्र आणि कॅसेटवर साठवलेला नकाशा! चाकं किती फिरली, कुठे वळली यावरून अंदाज करायचा आणि अंदाज भरकटला की नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर ओढून आणायचा. कंपनीचा कर्ता स्टॅन हनी हा निष्णात दर्यावर्दी. त्याने कल्पना आणि नाव दोन्ही घेतली ती प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटांच्या नावाड्यांकडून. ते मनात होडी स्थिर धरतात आणि बेटं मागे सरकताना पाहतात. नकाशातल्या रस्त्यावर ओढून आणण्याची युक्ती तुमच्या पेटीतही आहे. कात्रजच्या बोगद्यात एकही उपग्रह ऐकू येत नाही, तरी बाण पुढे जात राहतो, कारण तुम्ही शेवटच्या वेगाने त्याच रस्त्यावर आहात असं पेटी धरून चालते. घाटात लहर समोरच्या कड्यावर आपटून, लांबच्या वाटेने येते आणि बाण दरीत गेल्यासारखा दिसू पाहतो, तेव्हाही हीच युक्ती त्याला डांबरावर ठेवते.

पहिल्याच फेरीत तुमच्या लक्षात येईल की पेटीचा वेग गाडीच्या मीटरपेक्षा कमी आहे. मीटर ८० म्हणतो तेव्हा पेटी ७५च्या आसपास. पेटी बिघडलेली नाही. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते आणि घेर बदलतो. मीटरने खरा वेग कधीच कमी दाखवू नये, असा वाहनांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. पेटी चाकाकडे पाहतच नाही. तुम्ही पुढे सरकलात की काही उपग्रहांचे सूर सूक्ष्म चढतात, काहींचे उतरतात, आणि त्यावरून ती वेग काढते. स्पुटनिक ऐकणाऱ्या त्या दोघांनी वापरला तोच चढउतार, आता उलटा लावलेला.

पडद्याच्या कोपऱ्यात काय दाखवायचं ते बहुतेक पेट्या विचारतात. मी उंची निवडली, आणि तुम्हीही निवडा असा आग्रह आहे. घाट उतरताना तो आकडा कोसळताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे, पण खरी गंमत त्याच्या मागे आहे. उपग्रहांवरून पेटीला जी उंची मिळते ती समुद्रापासूनची नसतेच. ती पृथ्वीचा जो गुळगुळीत, गणिती लंबगोल मानलेला आहे त्याच्यापासूनची असते. आणि समुद्र काही त्या लंबगोलाला धरून नसतो. पृथ्वीच्या पोटात कुठे जड, कुठे हलका खडक आहे. जिथे ओढ कमी, तिथे समुद्राची पातळीच खाली. पृथ्वीवरचा असा सर्वांत खोल खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे: लंबगोलापेक्षा १०६ मीटर खाली. या खळग्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे श्रीवर्धनच्या वाळूवर उभं राहिलं, तर पेटीच्या कच्च्या हिशेबात तुम्ही शून्याच्याही साठएक मीटर खाली असता!

पेटी तसं दाखवत नाही, कारण तिच्या आत जगभरच्या या खाचखळग्यांचा तक्ता आहे. पृथ्वीचा हा खराखुरा आकार आकड्यांत बांधणाऱ्यांमध्ये ग्लॅडिस वेस्ट यांचं नाव घ्यायलाच हवं. १९३० मध्ये व्हर्जिनियातल्या एका कृष्णवर्णीय शेतकरी घरात त्या जन्मल्या. १९५६ पासून डाल्ग्रेनच्या नौदल तळावर उपग्रहांची मोजमापं संगणकात घालून पृथ्वीचं रूप अधिकाधिक नेमकं करण्याचं काम त्यांनी कित्येक दशकं केलं, आणि जगाला त्यांचं नाव कळायला २०१८ साल उजाडलं.

हा खळगा मुळात पडला कसा, यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये संगणकीय प्रतिमानांतून एक उत्तर मांडलं. भारत उत्तरेकडे सरकत असताना मध्ये असलेल्या टेथिस समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात बुडाला. बुडता बुडता त्याने आफ्रिकेखालचं तप्त, हलकं द्रव्य ढवळलं आणि ते हिंदी महासागराखाली वर चढून पसरलं. हलकं द्रव्य, कमी ओढ, खाली गेलेला समुद्र. तेव्हा ताम्हिणी उतरून तुम्ही श्रीवर्धनला पोचलात आणि पडद्यावर ३ मीटर असा साधा आकडा दिसला, तर त्यात साठएक मीटर टेथिसच्या खात्यावरून वळते झालेले आहेत.